ध्रुवीय अस्वलांच्या अंगातलं विष दरवर्षी मोजायला पैसे कोण देणार?

हिमरेषा
गेले काही महिने जमेल तसं ध्रुवीय अस्वलांवरच्या संशोधनाबद्दल वाचतेय आणि एक गोष्ट डोक्यातून जातच नाहीये म्हणून हा धागा काढला. मोठा झालाय, सांभाळून घ्या.

बर्फ वितळतोय आणि अस्वलांना शिकार मिळत नाही हे आता सगळ्यांना माहितीये. पण त्याच अस्वलाच्या चरबीत पीसीबी (जुन्या ट्रान्सफॉर्मरमध्ये वापरलेलं रसायन) आणि डीडीटी, क्लोरडेन ही कीटकनाशकं साठलेली असतात, लिव्हरमध्ये पारा आणि पीफास म्हणजे ती वर्षानुवर्षं न मोडणारी फ्लोरिनवाली रसायनं असतात, याबद्दल फार कमी बोललं जातं. ही रसायनं बहुतेक करून तिथली नाहीतच. खालच्या उबदार भागातून हवेत उडतात, थंडीत खाली बसतात, जरा तापलं की परत उडतात, असे टप्पे घेत घेत उत्तरेला पोचतात आणि तिथल्या गारठ्यात मुक्काम ठोकतात. समुद्राचे प्रवाहही आणतात. मग शैवाल, त्यावर जगणारे बारीक जीव, मासे, सील आणि सगळ्यात वर अस्वल. पायरीगणिक प्रमाण वाढत जातं. त्यात अस्वल सील मारलं की आधी चरबीवर तुटून पडतं, मांस कितीदा तसंच टाकून देतं, म्हणजे पीसीबी जिथे साठलंय नेमकं तेच पोटात.

पिल्लांचं वाचून तर मला झोप लागली नव्हती. गाभण मादी गुहेत महिनोन्महिने काही न खाता राहते, कॅनडातल्या हडसन बेच्या पश्चिम किनाऱ्यावर तर समुद्राचा बर्फ गेल्यापासून धरलं तर आठ आठ महिने, तेवढा काळ ती स्वतःची चरबी जाळून जगते. चरबी जळली की त्यातलं पीसीबी रक्तात येतं, रक्तातून दुधात उतरतं, आणि ते दूध भयंकर स्निग्ध असतं. पिल्लाचं पहिलं अन्नच ते.

आता मुद्द्यावर येते. हे सगळं आपल्याला कळलं कसं? कोणीतरी दरवर्षी त्याच भागात जाऊन, त्याच पद्धतीने नमुने घेऊन मोजत बसलं म्हणून. कॅनडात सरकारचा नॉर्दर्न कंटॅमिनन्ट्स प्रोग्रॅम आहे १९९१ पासून, त्यातून हडसन बेच्या अस्वलांचं मोजमाप चालतं. डेन्मार्कचा आर्क्टिक पर्यावरणासाठीचा निधी पूर्व ग्रीनलंडचं काम चालवतो, ते काम ऑऱ्हूस विद्यापीठाचे लोक करतात. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर नॉर्वेजियन पोलर इन्स्टिट्यूट १९८७ पासून दर वसंतात अस्वलं पकडून रक्त, केस, चरबी घेतंय. आणि या सगळ्या देशांचे आकडे एकत्र मांडायचं काम एएमएपी करतं, ही आर्क्टिक कौन्सिलची प्रदूषणावर लक्ष ठेवणारी शाखा, तीही १९९१ चीच.

पण संशोधनाचा बाकीचा पैसा बघितला तर तो तीन वर्षं, फार तर चार वर्षं मिळतो. अर्जात लिहावं लागतं की यात नवीन काय. आता तेच अस्वल, तोच किनारा, तेच पीसीबी, तेविसाव्यांदा मोजायचंय, यात नवीन काय लिहिणार माणूस? आणि माझं म्हणणं असं की सगळ्यात मोलाचं काम नेमकं हेच आहे. नवीन रसायनावरचा पेपर उद्या कोणीही करेल, पण यंदाच्या वसंतात घ्यायचा राहून गेलेला नमुना पुढच्या वर्षी कितीही पैसे ओतले तरी घेता येत नाही.

तुम्हाला काय वाटतं, लिहा.

तळ्याकाठी
वाचतेय. दुधाचं वाचून अंगावर काटा आला.

रोखठोक
लेख चांगला लिहिलाय पण मला एक प्रामाणिक प्रश्न पडलाय. पीसीबी वाईट आहे हे ठरून किती वर्षं झाली. अमेरिकेने १९७९ मध्ये उत्पादन बंद केलं, अशा न मोडणाऱ्या रसायनांवर जगभर बंधनं आणणारा स्टॉकहोम करार २००१ मध्ये झाला. मग अजून चाळीस वर्षं अस्वलाच्या चरबीत ते किती आहे हे मोजून हातात काय येणार? हेलिकॉप्टर, जहाज, बंदुकीने भुलीचं इंजेक्शन, लॅब, हा सगळा खर्च जुन्या ट्रान्सफॉर्मरमधलं पीसीबी नष्ट करायला वापरला तर अस्वलाला जास्त फायदा नाही का होणार? विरोधासाठी विरोध करत नाहीये, खरंच विचारतोय.

सागरगोटे
@रोखठोक, प्रश्न रास्त आहे पण तो करार झाला कसा ते बघा ना. १९८० च्या दशकात कॅनडाच्या क्यूबेक प्रांतातल्या शास्त्रज्ञांना आईच्या दुधातली प्रदूषकं तपासायची होती. तुलनेला एकदम स्वच्छ नमुना पाहिजे म्हणून त्यांनी उत्तरेच्या नुनाविकमधल्या इनुइट म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी बायकांचं दूध घेतलं, कारण तिथे कारखाने कुठे आहेत. निघालं उलटंच, तिथल्या दुधात पीसीबी दक्षिण क्यूबेकच्या साधारण पाचपट होतं. सील, व्हेल हेच त्यांचं अन्न, म्हणजे अस्वल ज्या साखळीच्या टोकाला आहे त्याच साखळीच्या टोकाला ही माणसं. हिमरेषाताईंनी सांगितलेला कॅनडाचा तो प्रोग्रॅम या धक्क्यातूनच उभा राहिलाय.

पुढे कराराच्या वाटाघाटी चालू असताना १९९९ मध्ये नैरोबीत शीला वॉट-क्लुटिए या इनुइट नेत्या होत्या, त्यांनी आई आणि मुलाचं एक दगडी शिल्प संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या प्रमुखांना दिलं, त्यांनी ते वाटाघाटींच्या अध्यक्षांकडे सोपवलं आणि मग ते अध्यक्षांच्या टेबलावर असायचं. कराराच्या प्रस्तावनेत आर्क्टिकचा आणि तिथल्या मूळ रहिवाशांचा नाव घेऊन उल्लेख आहे. मोजलेले आकडे हातात नसते तर नुसत्या शिल्पाने काही झालं नसतं, आणि नुसत्या आकड्यांनीही झालं नसतं.

आणि "आता कळलंय तर मोजायचं कशाला" याचं उत्तर पण करारातच आहे. नवीन रसायन यादीत घालायचं तर ते पर्यावरणात टिकतं, सजीवांत साठतं आणि उगमापासून लांब जातं हे दाखवावं लागतं. जिथे ते कोणी वापरलंच नाही अशा ठिकाणच्या अस्वलात सापडलं की लांब जातं याचा त्याहून सरळ पुरावा कुठला? पीफासमधलंच एक रसायन पीएफओएस २००९ मध्ये यादीत आलं, त्याच्या जोखमीच्या अहवालात ध्रुवीय अस्वलांचे आकडे आहेत. मग त्याच कुळातली पीएफओए २०१९, पीएफएचएक्सएस २०२२. सुरुवातीला १२ रसायनं होती, यादी अजून वाढतेच आहे.

नमुना_क्र_शून्य
पहिल्यांदाच प्रतिसाद देतोय, राहवलं नाही म्हणून. मी अस्वलांवर काम करत नाही पण एका लॅबमध्ये रसायनांचे अंश मोजायचं काम बरीच वर्षं केलंय, त्यामुळे पैसा कुठे जातो ते सांगू शकतो.

लोकांना वाटतं मशीन महाग, बाकी काय. मशीन महाग आहेच, पण ते एकदाच घेतलं जातं. खरा खर्च रोजच्या कामाचा. एका अस्वलाच्या चरबीचा तुकडा आला की आधी चरबी विरघळवून काढायची, मग त्यातून आपल्याला हवं ते रसायन वेगळं करायचं, साफ करायचं, प्रत्येक रसायनाचं जड कार्बन घातलेलं स्टॅण्डर्ड, म्हणजे तुलनेसाठीचा ठरलेल्या मापाचा नमुना, विकत घ्यायचं आणि ते अगदी थेंबाच्या हिशोबात येतं. सोबत प्रत्येक बॅचला ब्लँक लावायचा, म्हणजे नमुना न घालता सगळी प्रक्रिया करायची आणि शून्य येतंय का बघायचं. पीफासच्या बाबतीत हा शून्य आणणं म्हणजे परीक्षा आहे. टेफ्लॉनची नळी, बाटलीच्या झाकणातलं अस्तर, पाणी न शिरणारं जॅकेट, कशातूनही ते नमुन्यात उतरू शकतं. म्हणजे हिमवादळात अस्वलापाशी जाणाऱ्या माणसाने अंगात काय घातलंय इथपासून काळजी घ्यावी लागते. ब्लँक खराब आला की अख्खी बॅच परत, आणि नमुना संपला असेल तर संपलाच.

आणि माणसं. हे काम शिकायला दोन वर्षं लागतात. तीन वर्षांचा प्रोजेक्ट संपला, पुढचा मंजूर व्हायला आठ महिने गेले, की ती मुलगी किंवा मुलगा औषध कंपनीत गेलेला असतो. आमच्याकडे हे एकदा झालं. नवीन माणसाने काढलेले आकडे आणि जुन्याने काढलेले आकडे जुळेनात, फरक नमुन्यांतला की हातातला हे शोधण्यात वर्ष गेलं. अर्जात या वर्षासाठी रकाना नसतो.

हिमरेषा
@नमुना_क्र_शून्य, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. लिहीत राहा प्लीज.

याच्यात एक भर घालते. एएमएपीने मोजमापासाठी एक कसोटी ठेवलीये की वर्षाला ५ टक्क्यांचा बदल असेल तर तो साधारण दहा वर्षांत भरवशाने पकडता यायला पाहिजे. म्हणजे दहा वर्षांचे सलग आकडे पाहिजेत. तीन वर्षांच्या ग्रँटमध्ये पीसीबी कमी होतंय की वाढतंय हे सांगताच येत नाही, कारण एका वर्षी म्हातारे नर जास्त मिळाले, एका वर्षी पिल्लंवाल्या माद्या, एका वर्षी अस्वलं बारीक होती, की आकडा वरखाली होतो. बारीक अस्वलाचं तर वेगळंच गणित आहे, चरबी कमी झाली की उरलेल्या चरबीत प्रदूषक दाट होतं. नवीन काहीही न खाता.

रानवाटा
वातावरण बदल आणि प्रदूषण हे दोन वेगळे विषय म्हणून पैसे वाटले जातात, हे मला फार खटकतं. वेस्टर्न हडसन बेमध्ये बर्फ लवकर फुटायला लागला तशी अस्वलांच्या आहारात सीलची जात बदलली, आणि आहार बदलला म्हणून अंगातल्या काही रसायनांचं प्रमाण बदललं, म्हणजे बर्फाकडे न बघता नुसतं रसायन मोजलं असतं तर चुकीचा निष्कर्ष निघाला असता. पूर्व ग्रीनलंडमध्ये पण तसंच, रिंग्ड सील कमी आणि दक्षिणेकडून येणारे हार्प आणि हूडेड सील जास्त. आता हा अर्ज कुठल्या खिडकीवर द्यायचा? हवामानवाले म्हणतात तुमचं रसायनशास्त्र आहे, रसायनवाले म्हणतात बर्फाचं आमच्याकडे नाही.

रोखठोक
@सागरगोटे, करारात नवीन रसायन घालायला हे आकडे लागतात हा मुद्दा मला माहीत नव्हता, पटला. ट्रान्सफॉर्मरवाला माझा मुद्दा मी सोडत नाहीये पण एकाचा पैसा काढून दुसऱ्याला द्या असं आता म्हणणार नाही.

तरी दोन गोष्टी. एक, इतकी वर्षं मोजून अस्वलाला त्रास होतो हे सिद्ध झालंय का, की नुसतं "प्रमाण जास्त आहे" एवढंच? दोन, ज्या प्राण्याला वाचवायचं त्याच्याच मागे हेलिकॉप्टर लावून त्याला बेशुद्ध करायचं, हे मनाला पटत नाही.

हाडाचा_वाचक
पहिल्यावर मी लिहितो.

सिद्ध करणं अवघड आहे, कारण अस्वलांचे दोन गट करून एकाला पीसीबी खाऊ घाला असं कोणी करू शकत नाही. त्यामुळे बरंचसं काम सहसंबंधाचं आहे, पीसीबी जास्त असलेल्या अस्वलांत थायरॉइडची हॉर्मोन्स, अ जीवनसत्त्व, प्रतिकारशक्ती यांत फरक दिसतो. पीसीबीचे शरीरात तयार होणारे काही अंश थायरॉइड हॉर्मोन वाहून नेणाऱ्या प्रथिनाला जाऊन चिकटतात, त्यामुळे यंत्रणा काय असेल तेही कळतं. ग्रीनलंडच्या स्लेज ओढणाऱ्या कुत्र्यांवर प्रयोग झालाय, एका गटाला प्रदूषकं साठलेली मिंकी व्हेलची चरबी आणि दुसऱ्याला तुलनेसाठी डुकराची, आणि मग लिव्हर, किडनी, प्रतिकारशक्ती तपासली. अस्वलाच्या जवळ जाणारा तेवढाच एक मार्ग होता. कोपनहेगनच्या संग्रहालयातल्या कवट्या घेऊन १८९२ ते २००२ या काळात हाडांची घनता कशी बदलली तेही बघितलंय, पीसीबी येण्याआधीची अस्वलं आणि नंतरची.

पण मला खरं सांगायचंय ते वेगळंच. १९९८ मध्ये स्वालबार्डच्या काही माद्यांमध्ये नराच्या अवयवासारखी वाढ दिसल्याचा पेपर आला, आणि जगभर बातमी झाली की प्रदूषणाने अस्वलं उभयलिंगी होतायत. नंतर २००५ मध्ये पूर्व ग्रीनलंडच्या अस्वलांची शरीररचना नीट तपासल्यावर दिसलं की त्यातल्या काहींचं स्पष्टीकरण साध्या वाढीने किंवा सूज येण्याने होऊ शकतं, प्रदूषकांकडे थेट बोट दाखवता येत नाही. हे दुसरं काम कोणी केलं? जे लोक वर्षानुवर्षं नमुने जमवत बसले होते त्यांनीच. खळबळजनक पेपरला पैसा मिळतो, तो तपासून बघणाऱ्याला पण मिळाला पाहिजे. जे प्रदूषण खरंच आहे त्यावर लोकांचा विश्वास बसायचा तर जे नाही ते नाही म्हणून सांगणारा माणूस पगारावर असायलाच हवा.

सागरगोटे
@हाडाचा_वाचक, शेवटच्या वाक्याला शंभर वेळा अनुमोदन.

हिमरेषा
दुसऱ्या प्रश्नावर मी लिहिते, कारण हा मलाही छळत होता.

सगळीकडे अस्वल पकडत नाहीत. कॅनडा आणि ग्रीनलंडमध्ये इनुइट शिकाऱ्यांना ठरलेल्या कोट्यात शिकार करता येते, ते पिढ्यान्‌पिढ्या करतायत, आणि त्याच शिकारीतून चरबी, लिव्हर, स्नायू यांचे तुकडे संशोधकांना मिळतात. म्हणजे नमुन्यासाठी वेगळं अस्वल मारलं जात नाही. पूर्व ग्रीनलंडचा जवळजवळ सगळा अभ्यास इत्तोक्कोर्तूर्मीत या तिथल्या गावच्या शिकाऱ्यांवर उभा आहे. त्यांना त्याचा मोबदला मिळाला पाहिजे, आणि निकाल त्यांच्या भाषेत त्यांच्या हातात पडले पाहिजेत, कारण ते मांस त्यांच्या घरात शिजतं. कॅनडाच्या प्रोग्रॅममध्ये लोकांपर्यंत माहिती पोचवण्यासाठी आणि गावांनी स्वतः करायच्या मोजमापासाठी वेगळे भाग आहेत, मला हे फार महत्त्वाचं वाटतं, निधी म्हणजे नुसता विद्यापीठाच्या खात्यात जाणारा पैसा नव्हे.

स्वालबार्डमध्ये १९७३ पासून शिकारीला बंदी आहे, तिथे जिवंत अस्वलाकडूनच घ्यावं लागतं. बेशुद्ध केल्यावर एकाच भेटीत रक्त, केस, चरबी, वजन, दात, गळ्यात कॉलर, सगळं उरकतात जेणेकरून परत परत त्रास नको. आणि २०२५ च्या वसंतात तिथल्या टीमने जहाजावरच्या लॅबमध्ये चरबीचे पातळ काप काही दिवस जिवंत ठेवून त्यांच्यावर प्रदूषकांचा परिणाम बघायला सुरुवात केली. अस्वल कधीच उठून चालायला लागलं आणि त्याच्या चरबीच्या एवढ्याशा तुकड्यावर प्रयोग चाललाय. @रोखठोक तुमच्या दोन्ही प्रश्नांना हे एकत्र लागू पडतं बघा, अस्वलाला विष न देता परिणाम तपासता येतो.

तळ्याकाठी
राजकारणाचा परिणाम होतो का यावर? की हे आपलं शांतपणे चालू असतं?

रानवाटा
होतो, फार होतो. मार्च २०२२ मध्ये युक्रेन युद्धामुळे रशिया सोडून बाकीच्या सात देशांनी आर्क्टिक कौन्सिलचं काम थांबवलं होतं, नंतर हळूहळू रशियाला वगळून सुरू केलं. आता नकाशा डोळ्यासमोर आणा, आर्क्टिकच्या किनाऱ्याचा जवळजवळ अर्धा भाग रशियाचा. करा समुद्र, लापतेव समुद्र इथल्या अस्वलांची माहिती आधीच तुटपुंजी होती. १९७३ मध्ये, ऐन शीतयुद्धात, अमेरिका, सोव्हिएत युनियन, कॅनडा, नॉर्वे आणि डेन्मार्क या पाच देशांनी ध्रुवीय अस्वलांसाठी करार केला होता आणि संशोधनाची माहिती एकमेकांना द्यायचं कबूल केलं होतं हे आठवलं की जास्तच वाईट वाटतं.

अमेरिकेचं बघाल तर अलास्कातल्या अस्वलांवर त्यांचं भूगर्भ सर्वेक्षण खातं काम करतं, त्या खात्याच्या ज्या विभागातून हे चालतं त्याचा निधीच काढून टाकायचा प्रस्ताव २०२६ च्या बजेटसाठी मांडला गेला. प्रस्ताव म्हणजे निर्णय नव्हे, पण पीएचडीला कुठे जायचं हे ठरवणारं पोर प्रस्ताव वाचूनच दुसरीकडे वळतं.

हाडाचा_वाचक
आणि चेष्टेला बळी पडणं पण सोपं असतं. २००८ च्या अमेरिकन निवडणुकीत राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार जॉन मॅकेन माँटानातल्या अस्वलांच्या डीएनएवर ३० लाख डॉलर घालवले म्हणून भाषणात सांगायचे, लोक हसायचे. ती ध्रुवीय नव्हती, ग्रिझली होती. पण त्या अभ्यासातून काटेरी तारेला अडकलेल्या केसांवरून ७६५ अस्वलं आहेत असा अंदाज निघाला, आधी वाटत होतं त्यापेक्षा जास्त. किती अस्वलं आहेत हेच माहीत नसेल तर संरक्षण ठेवायचं की काढायचं ते ठरवणार कशावर? "अस्वल" हा शब्द घातला की कुठलाही खर्च फालतू वाटायला लावता येतो, म्हणून अशा धाग्यांची गरज आहे.

तळ्याकाठी
एक भाबडा प्रश्न. पैसे खरंच नाहीच मिळाले एखाद्या वर्षी, तर काय करायचं? सगळंच बंद?

नमुना_क्र_शून्य
भाबडा नाही, हाच प्रश्न आहे. माझं मत असं की विश्लेषण थांबलं तरी चालेल, नमुना घेणं थांबता कामा नये. चरबीचा आणि लिव्हरचा तुकडा घ्या, वर नीट तारीख, जागा, वय, नर की मादी लिहा, आणि खोल थंडीत ठेवून द्या. मोजायचं पुढे बघू. कॅनडाची ओटावात वन्यजीवांच्या नमुन्यांची अशी बँक आहे, अलास्कातल्या सागरी सस्तन प्राण्यांचे ऊतक १९८७ पासून जपून ठेवतायत. फ्रीझरचं वीजबिल, खराब झाला तर दुसरा फ्रीझर आणि नोंदी सांभाळणारा एक माणूस, हेलिकॉप्टरच्या मानाने हा खर्च काहीच नाही, तरी कापाकापीत हाच आधी जातो कारण फ्रीझरवर कोणी पेपर लिहीत नाही.

हिमरेषा
@नमुना_क्र_शून्य, याचं उदाहरण माझ्याकडे आहे, मूळ लेखात घालायचं राहिलं होतं. पीएफओएस वन्यप्राण्यांत जगभर पसरलंय हे २००१ मध्ये कळलं, त्यात अलास्काची ध्रुवीय अस्वलं पण होती. लगेच प्रश्न आला की हे कधीपासून साठतंय. तेव्हा कॅनडा आणि अलास्कातली जपून ठेवलेली अस्वलांची लिव्हर बाहेर काढली, सगळ्यात जुनी १९७२ मधली, आणि १९७२ ते २००२ पर्यंतची चढत गेलेली रेषा काढता आली. पुढे पूर्व ग्रीनलंडच्या नमुन्यांत २००६ च्या आसपास ती रेषा खाली वळलेली दिसली, मोठ्या उत्पादकाने २००० ते २००२ मध्ये पीएफओएस बंद केल्यानंतर काही वर्षांनी.

१९७२ मध्ये ज्याने ते लिव्हर पिशवीत भरून चिठ्ठी लावली त्याला पीएफओएस हा शब्द कोणी सांगितलेला नव्हता.

रोखठोक
ओटावाच्या त्या बँकेबद्दल वेगळा धागा काढा, वाचायला आवडेल. नमुने कोणाला वापरायला मिळतात, ते एका देशातून दुसऱ्या देशात न्यायचे तर काय परवानग्या लागतात, तेही लिहा.

नमुना_क्र_शून्य
परवानग्यांचं थोडक्यात इथेच सांगतो. ध्रुवीय अस्वल साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे, त्यामुळे बोटभर चरबी सीमेपलीकडे पाठवायची तरी कागद लागतो, आणि अमेरिकेत न्यायची तर त्यांच्या १९७२ च्या सागरी सस्तन प्राणी कायद्याखाली वेगळा परवाना. बर्फात गुंडाळलेला डबा विमानतळावर एका शिक्क्यासाठी अडकला की आतला माल वितळतो, म्हणून कागद आधी आणि डबा नंतर. बँकेवर वेगळा धागा काढतो, पुढच्या आठवड्यात.